मका गेला, चुना मागे राहिला

जून लागून दोन-तीन पाऊस पडून गेले की पालघर-वसईकडच्या बाजारात शेवळं दिसायला लागतात. वीतभर उंचीचे जांभळट-तपकिरी कोंब, जुड्या बांधून पाटीत उभे केलेले. मी दरवर्षी घेते. विकणारी मावशी जुडी हातात ठेवते आणि मी पैसे काढायच्या आधीच वर मूठभर हिरवी, बोराएवढी फळं टाकते. ती काकडं. "ताई, ही घातल्याबिगर करू नको, घसा खाजंल." हे एवढं वाक्य ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, ओळखीचं असो की नवखं.

शेवळांपेक्षा मला त्या काकडांबद्दल लिहायचं आहे.

पावसाळ्यात आता गावोगाव रानभाज्यांचे महोत्सव भरतात. टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू यांचे फोटो मोबाईलवर फिरतात. 'गरिबाचं खाणं' म्हणून बाजूला सारलेल्या भाज्या मानाने ताटात येताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्यासोबत दोन टोकाची बोलणीही कानावर पडतात. एक म्हणतो, रानातलं ते सगळं औषध, बिनधास्त खा. दुसरा म्हणतो, या सगळ्या अंधश्रद्धा, गोळी घ्या आणि गप्प बसा. ऐकणारा मधल्या मध्ये अडकतो. तो गुंता सोडवायचा तर आधी झाडाकडे बघावं लागतं.

## धार नसेल तर विळी कापणार नाही

झाडाला जागचं हलता येत नाही. गाय आली, अळी आली, बुरशी आली तरी पळायची सोय नाही. म्हणून ते अंगातच बंदोबस्त करून ठेवतं. कुठे कडूपणा, कुठे कातडी भाजणारा चीक, तर कुठे डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया. शेवळं, अळू आणि सुरण एकाच कुळातले. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सुईसारखे स्फटिक जुडग्याने भरलेले असतात. चावलं की ते जिभेत आणि घशात रुततात. 'अळू खाजरं निघालं' असं आपण म्हणतो, ते हेच.

ज्याला आपण औषधी गुण म्हणतो तोही बहुतेकदा याच बंदोबस्तातून आलेला असतो. जे रसायन अळीच्या नसांवर किंवा आतड्यावर परिणाम करतं, ते आपल्या शरीरावरही काही ना काही करतंच. काही करतं म्हणून ते औषध होऊ शकतं, आणि त्याच कारणाने विषही. विळीला धार नसेल तर ती भाजी चिरणार नाही, आणि धार आहे म्हणून बोटही कापेल. विळीवर बसायचं कसं आणि बोटं कुठे ठेवायची हे शिकावं लागतं.

वनस्पतींच्या बाबतीतल्या या शिकण्याला मी इथे 'कृती' म्हणणार आहे. झाडाचा कुठला भाग घ्यायचा, कुठल्या ऋतूत, कशात भिजवायचा, किती उकडायचा, कशाबरोबर आणि किती खायचा, हे सगळं त्यात आलं. आपण पिढ्यानपिढ्या झाडांची नावं पाठ केली, त्यांच्या गुणांच्या याद्या केल्या. माणसं वाचली ती मात्र कृतीमुळे, आणि इतिहासात जिथे जिथे कृती गळाली तिथे माणसं आजारी पडली.

## चिंच, राख, वाहतं पाणी

शेवळं साफ करताना आतला पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. उरलेलं बारीक चिरून तेलावर परतायचं. काकडं ठेचून त्यांचा आंबट रस त्यात घालायचा आणि मग बराच वेळ शिजवायचं. पुढे कोणी कोलंबी घालतं, कोणी खिमा, कोणी वाल. ते ज्याच्या त्याच्या घरावर. मात्र पहिल्या तीन पायऱ्यांना कुठल्याच घरात सुट्टी नाही. अळूच्या फदफद्यात चिंच आणि सुरणात आमसूल असतं, तेही केवळ चवीसाठी नव्हे.

कडू करांद्याची कृती याहून अवघड. रानातला हा कंद कच्चा खाल्ला तर विषारी. कातकरी, ठाकर, वारली बायका त्याच्या चकत्या करतात, राख घातलेल्या पाण्यात उकडतात आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. राखेचा खार, उष्णता आणि पाणी यांच्या तिहेरी माऱ्याने कडूपणा धुऊन जातो आणि पोट भरेल असं अन्न उरतं. दुष्काळात या कंदांनी कितीतरी पोटं सांभाळली आहेत.

आयुर्वेदात याच विचाराला 'शोधन' असा शब्द आहे. बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळवतात, कारण त्याचं तेल अंगावर फोड उठवतं. बचनागासारखं जहाल मूळ बराच वेळ शिजवतात. रसायनशास्त्राने पुढे दाखवलं की दीर्घकाळ उकळल्यावर बचनागातलं मुख्य विष मोडून बरंच सौम्य होतं. हे घरी करून पाहायचं काम अजिबात नाही. सांगायचा मुद्दा असा, की 'बचनाग औषधी आहे' हे वाक्य त्या शिजवण्याशिवाय म्हणजे थेट मृत्यूचं आमंत्रण आहे.

आणि आपल्या रोजच्या ओट्यावरची गोष्ट घ्या. दुधी चिरताना आई आधी एक फोड जिभेला लावून बघायची. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यायची, पैसे गेले तरी. काकडीचंही तेच. पुढे आरोग्यासाठी सकाळी उठून कच्च्या दुधीचा रस प्यायची लाट आली. दुधी तोच, पण चाखण्याची पायरी गेली, आणि कडू लागलं तरी 'औषध कडूच असतं' म्हणून लोक ग्लास संपवू लागले. त्यातून विषबाधा झाल्या, मृत्यूही झाले. शेवटी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने २०११ साली सांगितलं की दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका. शास्त्रज्ञांच्या समितीला त्या चाखलेल्या फोडीपाशीच यावं लागलं.

## मक्याची गोष्ट

कृती गळाल्यावर काय होतं याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण मक्याचं आहे.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी गवतातून तो घडवला. पण ते मका नुसता दळून खात नसत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकडत, रात्रभर तसेच ठेवत, सकाळी धुऊन साल काढत आणि मग पाट्यावर वाटत. आपल्या पानाच्या डब्यात असतो तसलाच चुना. काही ठिकाणी चुन्याऐवजी राख. अशा मक्याला त्यांच्या भाषेत 'निश्तमल' म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटातच 'राख' हा शब्द आहे. आपल्या कडू करांद्यासारखीच राख, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

१४९२ नंतर स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. पीक जोमदार, दाणा भरपूर, गरिबांना स्वस्त. स्पेनच्या उत्तरेला, इटलीत, पुढे आणखी कुठे कुठे शेतमजूर जवळजवळ मक्यावरच जगू लागले. चुना मात्र कुणी नेला नाही. दळायला गिरण्या होत्या, मग ही दमवणारी खटपट कशाला? त्यांना ती मागासलेपणाची खूण वाटली असणार.

१७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश डॉक्टरने एका नव्या रोगाची नोंद केली. गळ्याभोवती आणि हातांवर कातडी लाल होऊन सोलवटायची, जुलाब लागायचे, माणसाचं भान जायचं आणि शेवटी जीव. इटलीत त्याला नाव पडलं 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने थैमान घातलं. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि १ लाखाच्या आसपास माणसं दगावली, असा अंदाज आहे. लोकांना वाटायचं हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला ते पटेना. अनाथालयांत मुलांना पेलाग्रा होतो आणि त्याच इमारतीतल्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्याने पाहिलं होतं. संसर्ग नाही हे सिद्ध करायला त्याने रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्याच्या पत्नीनेही घेतलं. दोघांना काही झालं नाही. दोष आहारात होता.

उणीव नियासिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वाची आहे, हे १९३७ मध्ये कळलं. मक्यात ते असतं, पण बहुतेक असं बांधलेलं की आतड्याला ते सोडवता येत नाही. कुलूप लावलेल्या कपाटातल्या धान्यासारखं. चुन्याचं पाणी ते कुलूप उघडतं. मेक्सिकोतली बाई रोज सकाळी ते उघडत होती. युरोपने कपाट नेलं आणि किल्ली तिथेच ठेवली.

## 'आपल्याकडेही मका खातात, मग?'

शंका रास्त आहे. पेलाग्रा होतो तो जवळजवळ निव्वळ मक्यावर जगणाऱ्याला. मक्याच्या भाकरीशेजारी वाटीभर डाळ असेल, कधी दूध, कधी मासळी असेल तर शरीर आपली गरज दुसरीकडून भागवतं. कणसं भाजून खाणाऱ्या कुणी घाबरून जाऊ नये.

दुसरी शंका नेहमी येते. मेक्सिकोतल्या त्या बायकांना जीवनसत्त्व ठाऊक होतं का? नव्हतं. चुन्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन पोळी थापता येते, वास छान येतो. एवढं त्यांना दिसत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. आपल्याकडच्या बायकांना ऑक्झलेटच्या सुया ठाऊक नव्हत्या. खाज ठाऊक होती. 'पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं' असं म्हणण्याची गरज नाही, आणि तसं म्हटल्याने त्यांचा मान वाढतही नाही. कित्येक पिढ्यांनी जिभेवर, घशावर आणि पोटावर प्रयोग करून, चुकून, कधी माणूस गमावून जे जमवलं, ते तेवढ्यानेच मोठं आहे.

## मूठभर पाला, थंड पाण्यात

कृती नीट लिहून ठेवली तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे आणि मला ते फार प्रिय आहे. १९६७ मध्ये चीनने मलेरियावरच्या औषधासाठी एक गुप्त मोहीम सुरू केली. तू यूयू ही संशोधिका जुन्या ग्रंथांतली औषधं एकेक करून तपासत होती. एका रानटी पाल्याचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. मग चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या पुस्तकातली एक ओळ तिने पुन्हा वाचली. मूठभर पाला घ्यावा, पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि सगळा प्यावा.

भिजवावा आणि पिळावा. उकळावा असं कुठेच नव्हतं. काढा म्हणजे उकळणं, हे इतकं डोक्यात बसलेलं की ती ओळ तोवर सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. उष्णतेने औषध नष्ट होत असावं असं तिच्या मनात आलं. तिने कमी तापमानाला उडून जाणारं ईथर वापरून अर्क काढला आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये तो उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. माणसांना देण्याआधी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आलेलं आर्टेमिसिनिन आज मलेरियाच्या उपचारांचा कणा आहे. २०१५ मध्ये तिला नोबेल मिळालं. पाल्याचं नाव तर सगळ्यांना ठाऊक होतं. सोळाशे वर्षं वाट पाहत होती ती कृती.

## गोव्याच्या पुस्तकातली अंतोनिया

आपल्याकडचं कोणी लिहून ठेवलं? ग्रंथ भरपूर आहेत. पण दोन पुस्तकं आपल्या अगदी अंगणातली आहेत.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथेच राहिला. १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधांवरचं पुस्तक गोव्यातच छापलं. ते सगळं संवादांत आहे. दोन वैद्य बोलत बसले आहेत आणि मध्येच अंतोनिया नावाची घरातली दासी हाकेसरशी अमुक फांदी, तमुक फळ आणून दाखवते. इथले हिंदू वैद्यही त्या पानांत बोलतात. चारच वर्षांनी युरोपात क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला. युरोपभर वाचला गेला तो हा संक्षेप. त्यात संवाद नव्हते. झाडांची सुटसुटीत वर्णनं राहिली आणि फांदी आणून देणारे हात गेले. ओर्ताच्या नशिबी तर आणखी वाईट होतं. तो मूळ ज्यू घराण्यातला, म्हणून मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली.

दुसरं पुस्तक 'होर्तुस मालाबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला १२ खंडांत निघालं. मलबारच्या सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याच्या नावावर ते ओळखलं जातं, पण माहिती दिली इट्टी अच्युदन या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. पहिल्या खंडात या तिघांचं प्रशस्तिपत्र छापलं आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. सतराव्या शतकात युरोपात छापलेली आपली अक्षरं! मी त्या पानाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ बघत राहिले. इथे निदान सांगणाऱ्यांची नावं टिकली.

## 'पण हळदीची लढाई आपण जिंकलो ना?'

जिंकलो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या 'शोधा'वर पेटंट दिलं गेलं. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षं मिळणारा एकाधिकार, आणि त्याची पहिली अट ही की शोध नवा हवा. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे गोळा केले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली औषधं पाच परकीय भाषांत नोंदवणारं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं राहिलं. जगभरची पेटंट कार्यालयं ते तपासू शकतात.

पण लढाई जिंकली ती लेखी पुराव्यावर. काकडांचा पुरावा मावशीच्या तोंडी आहे. २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात झालेल्या दुरुस्तीनेही ग्रंथांत नोंदलेलं ज्ञान एका बाजूला काढलं. ते वापरणाऱ्यांना स्थानिकांना लाभाचा वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे तोंडी ज्ञान कोणाचं, हा प्रश्न आणखी नाजूक झाला. मे २०२४ मध्ये जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात निदान एवढं आलं, की वनस्पती किंवा पारंपरिक ज्ञान वापरून पेटंट मागणाऱ्याने ते कुठून, कोणत्या समाजाकडून घेतलं हे सांगावं.

आपल्याच हातात असलेलं साधन म्हणजे गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातले जीव आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवायच्या वह्या. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुढे आणलेली ही कल्पना २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. मला ती फार मोलाची वाटते, एका अटीवर. तिथे 'शेवळं, उपयोग : भाजी' एवढंच लिहून रकाना भरला तर काही साधलं नाही. काकडं लिहायला हवीत, पिवळा भाग काढायचा हे लिहायला हवं, आणि सांगणारीचं नाव तिच्या संमतीने लिहायला हवं.

## 'मग जुनं ते सगळं बरोबरच?'

नाही. इथे मी ठामपणे थांबते.

परंपरेला लगेच दिसणारं नुकसान छान कळतं. घसा खाजला, उलटी झाली, फोड आले, की पुढच्या वेळी कृती बदलते. हळूहळू होणारं नुकसान मात्र तिच्या हातून निसटतं. विदर्भात भातकापणीनंतरच्या ओलीवर लाखोळी डाळ पिकते. चवीला चांगली, पिकाला चिवट. दुष्काळात सगळं जळालं तरी ती टिकते. पण महिनोन्महिने पोट तिच्यावरच भरलं तर तिच्यातल्या विषाने पाय लुळे पडतात, कायमचे. १८४४ मध्ये छापलेल्या आठवणींत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतात असे अपंग झालेले तरुण नोंदवले आहेत. डाळ भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून दिलं तर विष बरंच उतरतं. पण दुष्काळात पाणी आणि सरपण आणायचं कुठून? १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली. आज खायचं आणि चार महिन्यांनी पायांत येणार, हा धागा घरच्या अनुभवाला जोडता येत नाही. त्यासाठी नोंदी, मोजमाप, प्रयोगशाळा लागते.

गुळवेलीचा वाद यामुळेच झाला. कोविडच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्तीसाठी ती रोज, महिनोन्महिने उकळून घेतली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी तर नव्हती? दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. मला त्यात एक दिसतं. वेल कोणती ते नीट ओळखलेलं नाही, मात्रा ठरलेली नाही, थांबायचं कधी ते ठरलेलं नाही, घेणाऱ्याची प्रकृती कुणी पाहिलेली नाही. हातात आलं ते फक्त झाडाचं नाव. वैद्याकडे गेलं तर तो या चारही गोष्टी विचारतो. कावीळ दिसली, लघवी गडद झाली तर काढा बंद करून डॉक्टरकडे जावं आणि काय घेत होतो ते न लपवता सांगावं.

रानभाजी घेताना तर अगदी सोपं आहे. फोटोवरून ओळखलेली, स्वतः उपटून आणलेली भाजी खाऊ नये. जी बाई ती पिढ्यानपिढ्या खाते तिच्याकडून घ्यावी आणि तिला विचारावं : कुठला भाग टाकायचा? कशाबरोबर शिजवायची? कोणाला द्यायची नाही? ती कधीच कंटाळत नाही.

एका वर्षी पाटीत शेवळं होती पण काकडं नव्हती. झाडाला फळच धरलं नाही, असं मावशी म्हणाली. मी जुडी परत ठेवायला लागले. तिने माझा हात धरला आणि पाटीच्या तळातून हिरव्या पाल्याची मोळी काढली. "बोंडारा हाय. ह्या पाल्यात उकड आन् पानी वतून दे. आज जरा जास्ती येळ उकड."